शेकडा साडेतीन

साडेतीन या आकड्याशी मराठी माणसाचे जुने सख्य आहे. आपली शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन आणि वर्षातले मुहूर्तही साडेतीनच. त्यांतला जो अर्धा, तो दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी घरोघर नवे कापड अंगावर चढते, ओवाळणीच्या तबकात लुगडे पडते. तेव्हा दिवाळी अंकात कापडाची गोष्ट सांगायला बसलो, तर वाचकांनी ती अप्रस्तुत मानू नये. मात्र ही गोष्ट ज्या साडेतीनाची आहे, तो ना मुहूर्त, ना शहाणा. तो एक कर आहे. १८९६ च्या फेब्रुवारीपासून १९२५ सालच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, हिंदुस्थानातल्या गिरणीत विणलेल्या प्रत्येक वार कापडावर सरकार शेकडा साडेतीन कर घेत होते. रुपयामागे अर्ध्या आण्याहून किंचित अधिक. एवढ्याशा रकमेवर तीस वर्षे भांडण कसले, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांना, मवाळांना आणि जहालांना सारखाच, हा अर्धा आणा मिठाच्या करापेक्षा अधिक झोंबला. कारण तो तिजोरीत खडखडाट होता म्हणून बसलेला नव्हता. पाच हजार मैलांवरच्या एका परगण्यातल्या मतदारांची मर्जी राखण्यासाठी तो बसला होता.

त्या परगण्याचे नाव लँकेशर, आणि त्याची राजधानी म्हणावी असे शहर मँचेस्टर. या मँचेस्टरने आपल्यावर साडेतीन टक्के लादले हे खरेच. पण मौज अशी की, त्याच्या आधी पन्नास वर्षे हेच मँचेस्टर अन्यायी कराविरुद्ध उभ्या इंग्लंडात रान उठवीत होते. ती कथा आधी सांगितल्यावाचून ही समजायची नाही. म्हणून थोडा वेळ कापड बाजूला ठेवू आणि भाकरीकडे वळू.

१८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाला आणि इंग्लंडातल्या जमीनदारांना शांततेची धास्ती पडली. लढाईच्या वर्षांत बाहेरचे धान्य नीट येत नव्हते, गव्हाचे भाव चढले होते आणि भावाबरोबर जमिनीचे खंडही. आता बंदरे मोकळी झाली तर हे सारे खाली येणार. पार्लमेंटात तेव्हा बसत कोण, तर हेच जमीनदार, त्यांचे मुलगे, जावई आणि आश्रित. त्यांनी कायदा करून टाकला : देशातल्या गव्हाचा भाव क्वार्टरमागे (हे तिकडचे धान्याचे माप) ८० शिलिंगांवर पोचेपर्यंत परदेशचा गहू बाजारात विकायचा नाही. बिल मंजूर होत असताना बाहेर लंडनचे लोक खवळले होते आणि सभागृहाभोवती सैनिकांचा पहारा होता. आतले सभासद आपल्याच खंडाच्या उत्पन्नाला कायद्याचे कुंपण घालीत होते. त्यांना विचारणार कोण? ओल्ड सेरम नावाच्या एका ओसाड टेकाडाला पार्लमेंटात दोन जागा होत्या, आणि धुराड्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला एकही नव्हती. १८१९ च्या ऑगस्टात मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावर साठेक हजार माणसे मताचा हक्क मागायला जमली. त्यांच्या निशाणांवर धान्याचा कायदा नको अशीही अक्षरे होती. त्या निःशस्त्र जमावावर घोडेस्वार घातले गेले. पंधरावीस माणसे मेली, शेकडो जायबंदी झाली.

मग १८३२ ची सुधारणा आली. टेकाडांच्या जागा गेल्या, मँचेस्टरला दोन मिळाल्या. मत मिळाले ते मध्यम वर्गाला, दुकानदार-कारखानदाराला. मजूर कोरडाच राहिला. पण एवढ्या फटीतूनही वारा शिरला. १८३९ साली मँचेस्टरात धान्य-कायद्याविरुद्धचा संघ उभा राहिला. रिचर्ड कॉब्डेन हा छापील कापडाचा कारखानदार त्याचा मेंदू आणि रॉचडेलचा जॉन ब्राइट त्याची वाणी. १८४१ मध्ये ब्राइटची तरुण बायको वारली. कॉब्डेन समाचाराला आला, दोन शब्द सांत्वनाचे बोलला आणि मग म्हणाला की, या घडीला हजारो घरांत बायका-पोरे भुकेने मरत आहेत; दुःखाचा पहिला भर ओसरला की माझ्याबरोबर चल, हा कायदा रद्द होईपर्यंत आपण स्वस्थ बसायचे नाही. ही हकीकत ब्राइटनेच पुढे सांगितली आहे.

या संघाची कार्यपद्धती पाहिली की आजच्या निवडणुकांतला कोणीही मुरलेला कार्यकर्ता त्याला गुरू मानील. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र कोठेही जाऊ लागले. संघाने त्या टपालातून पत्रकांचा पाऊस पाडला. मतदारांच्या याद्या तपासायला वकील बसवले; विरुद्ध पक्षाच्या नावांवर हरकती आणि आपल्या माणसांची नावे आत. त्याहून नामी युक्ती कॉब्डेनच्या डोक्यातून निघाली. परगण्यांतल्या मतदारसंघांत एक जुना नियम होता : वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची मिळकत असली की मत. संघाने आपल्या अनुयायांना सांगितले, पैसे बँकेत काय ठेवता, एक छोटे घर विकत घ्या आणि त्याबरोबर मतदार व्हा. जमीनदारांच्या बालेकिल्ल्यात असे नवे मतदार शिरू लागले. स्त्रियांना मत नव्हते, पण त्यांनी चहाचे समारंभ भरवले, विणकाम-भरतकामाचे बाजार मांडले. १८४५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात भरलेला त्यांचा बाजार पाहायला सगळे शहर लोटले होते.

मजुरांचे जे पुढारी होते, चार्टिस्ट, त्यांना मात्र या संघाचा संशय येई. ते म्हणत, भाकरी स्वस्त झाली की हेच गिरणीवाले मजुरी उतरवतील. आम्हाला आधी मत द्या, भाकरीचे आम्ही पाहून घेऊ. प्रस्तुत लेखकाला हा संशय अगदीच अनाठायी वाटत नाही. कारखानदाराला स्वस्त भाकरी हवी होती त्यात दया होती, तसा हिशेबही होता.

पंतप्रधान होता सर रॉबर्ट पील. तो जमीनदारांच्याच पक्षाचा नेता, परंतु कापडाच्या व्यवसायातून वर आलेल्या बापाचा मुलगा. सांगतात की, १८४५ मध्ये कॉब्डेनचे भाषण ऐकता ऐकता पीलने आपली टिपणे हातात चुरगळली आणि शेजाऱ्याला म्हटले की, याला उत्तर तूच दे, मला ते देता येणार नाही. त्याच शरदात आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. ज्या लोकांचे दोन्ही वेळचे जेवण बटाटा, त्यांच्यापुढे मरण उभे राहिले, आणि दारात येणाऱ्या धान्यावर कर घेत बसणे पीलला अशक्य झाले. १८४६ च्या मे महिन्यात ३२७ विरुद्ध २२९ मतांनी धान्याचा कायदा रद्द करण्याचे बिल खालच्या सभागृहात शेवटच्या वाचनाला मंजूर झाले. पीलच्या स्वतःच्या पक्षातले दोन-तृतीयांश सभासद त्याच्या विरुद्ध गेले. बिल त्याने तारले ते विरोधकांच्या मतांवर. २५ जूनला वरच्या सभागृहाने संमती दिली आणि त्याच रात्री पक्षातल्या रुसलेल्यांनी दुसऱ्या एका बिलावर पीलचा पराभव केला. चार दिवसांनी तो पायउतार झाला. आयर्लंडला मात्र हा कायदा वाचवू शकला नाही. पुढच्या वर्षांत तेथे सुमारे दहा लाख माणसे मेली. भाव उतरण्याने ज्याच्या खिशात काहीच नाही त्याचे पोट भरत नसते.

येथवरची कथा इंग्लंडातल्या शाळांतून मोठ्या अभिमानाने शिकवली जाई, आणि आपल्याकडच्या कॉलेजांतूनही. रानडे-दादाभाईंच्या पिढीने ती वाचली. खुला व्यापार म्हणजे न्याय, संरक्षक जकात म्हणजे जमीनदारी चोरी, हे समीकरण त्या पुस्तकांतून इकडे आले. पुस्तकांच्या पाठोपाठ एक माणूसही आला. जेम्स विल्सन हा हॅटा बनवणाऱ्याचा धंदा करणारा स्कॉटिश गृहस्थ. निळीच्या सट्ट्यात एकदा बुडालेला. त्याने १८४३ साली धान्य-कायद्याविरुद्ध लढण्यासाठी 'इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढले. सत्तावनच्या बंडाने हिंदुस्थान सरकार कर्जात बुडाले, तेव्हा ती तिजोरी सावरायला १८५९ मध्ये याच विल्सनला अर्थमंत्री म्हणून कलकत्त्याला पाठवण्यात आले. त्याने १८६० च्या फेब्रुवारीत आपल्या देशाला पहिला प्राप्तिकर दिला (वाचकांनी मनोमन काय म्हणायचे ते म्हणावे), आणि ऑगस्टात हगवणीने तो कलकत्त्यातच वारला. बंडाच्या कर्जापायी विलायती कापडावरची जकात शेकडा दहावर गेली होती. लँकेशरने ओरड केली आणि १८६२ पर्यंत ती पाचावर आली.

त्या पाच टक्क्यांनी मँचेस्टरचे काही बिघडत नव्हते. पण मुंबईत नवीनच काही घडत होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला त्यांची गिरणी फिरू लागली. पाहता पाहता परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराडी उभी राहिली. सातारा-रत्नागिरीकडची माणसे चाळींत येऊन राहिली. १८७४ पासून मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाचे अर्ज लंडनला जाऊ लागले : हिंदुस्थानातली जकात म्हणजे तेथल्या गिरण्यांना संरक्षण, खुल्या व्यापाराच्या पवित्र तत्त्वाला काळिमा, ती काढून टाका. १८७५ मध्ये व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने जकात राखली. भारतमंत्री सॉल्सबरीशी त्याचे बिनसले आणि पुढच्या वर्षी तो निघून गेला. त्याच्या जागी लिटन आला.

१८७७ चे साल पाहण्यासारखे आहे. जानेवारीत दिल्लीला लिटनचा दरबार भरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताचे जाडेभरडे खादीचे कपडे घालून त्या जरीच्या गर्दीत गेले. दख्खनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता. माणसे खडी फोडण्याच्या कामावर मरत होती. आणि जुलैत लंडनच्या कॉमन्स सभेने ठराव केला की, पैशाची सोय होताच हिंदुस्थानातली कापडावरची जकात रद्द करावी. पैशाची सोय मुळीच झाली नव्हती. उलट दुष्काळाचा खर्च होता, अफगाणिस्तानची लढाई होती. तरी १८७९ च्या मार्चमध्ये लिटनने जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात माफ केली, आणि तीही आपल्या कौन्सिलातल्या बहुमताचा विरोध डावलून. विलायतेत निवडणूक तोंडावर आली होती. विरोधी बाकावरून ग्लॅडस्टनने या कृत्यावर सडकून टीका केली. १८८० मध्ये ग्लॅडस्टनच निवडून आला आणि १८८२ साली त्याच्याच राजवटीत उरलेली सगळी जकात उडाली. पक्ष बदलला, पण लँकेशरचे मतदार तेच होते.

येथे न्यायासाठी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. याच लँकेशरच्या ओरडीमुळे १८८१ साली आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा झाला आणि सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला बंदी आली. त्यांच्या मनात मुंबईचे कापड महाग व्हावे हा हेतू होताच. पण आमचे गिरणीमालक आणि त्यांची कड घेणारी देशभक्त वर्तमानपत्रे या कायद्याविरुद्ध जे लिहीत होती, तेही वाचवत नाही. मजुरांच्या बाजूने उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. स्वार्थाच्या पोटी कधी पुण्य जन्मते आणि देशप्रेमाच्या पदराखाली कधी नफा लपतो. असो.

१८९२ हे वर्षही विलक्षण. जुलैत दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून, हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढ्या मताधिक्याने, पार्लमेंटात निवडून आले. इकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि शांतपणे विचारले की, इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले नियम सर्व देशांना, सर्व काळी लागू कसे पडतील? कॉब्डेनच्या शिष्यांना याहून सभ्य आणि याहून अडचणीचा प्रश्न कोणी घातला नसेल.

रुपयाचा भाव घसरत होता, हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत तूट पडत होती. १८९४ च्या मार्चमध्ये बहुतेक आयात मालावर पाच टक्के जकात पुन्हा बसली. वगळले फक्त कापड. एवढा उघड पक्षपात चालेना, म्हणून डिसेंबरात कापडालाही ती लावली. पण भारतमंत्री फाउलरने अट घातली : हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या वीस नंबरावरच्या बारीक सुतावरही तेवढाच कर बसला पाहिजे, म्हणजे संरक्षण म्हणायला जागा नको. आमच्या गिरण्या बहुतेक जाडे सूत काढीत, त्यामुळे हा चिमटा फार लागला नाही. नेमके तेच लँकेशरला खुपले. १८९५ च्या फेब्रुवारीत कॉमन्स सभेत त्यांच्या वतीने ठराव आला. फाउलरने त्या दिवशी असे सुनावले की, या सभागृहातला प्रत्येक सभासद हा हिंदुस्थानचाही सभासद आहे, आणि ठराव फेटाळला गेला. भाषण खरोखरच चांगले होते. पण जुलैत निवडणूक झाली. लँकेशरमध्ये पन्नासाहून अधिक जागा. त्यांतल्या बहुसंख्य फाउलरच्या विरुद्ध पक्षाला गेल्या. त्याचा पक्ष हरला आणि त्याच लाटेत दादाभाईही पडले.

नव्या भारतमंत्र्याने फार वेळ लावला नाही. फेब्रुवारी १८९६ मध्ये कायदा झाला. विलायती कापडावरची जकात पाचाची साडेतीन झाली, आणि देशी गिरणीच्या कापडावर, जाड्या असो की बारीक, साडेतीन टक्के कर बसला. हातमाग तेवढा सुटला. आता याचा अर्थ घरच्या भाषेत पाहा. मँचेस्टरचे तलम धोतर नेसणाऱ्या वकिलाला दीड टक्क्याची सूट मिळाली. मुंबईच्या गिरणीतला मांजरपाट अंगात घालणाऱ्या हमालाला, ज्याच्या कापडावर कालपर्यंत काही नव्हते, अर्धा आणा जादा पडला. मँचेस्टर असा जाडाभरडा माल फारसा पाठवीतही नसे. मग स्पर्धा कोणाशी नि समता कोणाची? पुण्यात टिळकांनी विलायती कापडावरच्या बहिष्काराची चळवळ चालवली, विद्यार्थ्यांनी कापडाच्या होळ्या केल्या. हे १८९६ चे. वंगभंगाला अजून नऊ वर्षे होती.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. लँकेशरचे ते सभासद काही राक्षस नव्हते. त्यांच्या मतदारसंघात कातणारे, विणणारे राहत होते, गिरणी बंद पडली की उपाशी राहत होते. १८६७ आणि १८८४ च्या सुधारणांनी त्यांतल्या अनेकांना मत मिळाले होते. निवडून आलेल्या माणसाने आपल्या मतदारांच्या पोटाची काळजी वाहायची नाही, तर कोणाची? लोकशाही जशी चालायला हवी तशीच ती लँकेशरमध्ये चालली होती. फक्त ज्याच्यावर कर बसत होता तो परळच्या चाळीत राहत होता, आणि परळ कोणत्याही मतदारसंघात नव्हते. १८१५ साली मँचेस्टर जेथे उभे होते, तेथे १८९६ साली मुंबई उभी होती.

हे साडेतीन सुटले कसे, तेही मतांच्याच हिशेबाने. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानने दहा कोटी पौंडांचा भार उचलला आणि त्यापोटी १९१७ मध्ये विलायती कापडावरची जकात साडेसात करण्यात आली. देशी कर साडेतीनच राहिला. लँकेशरचे शिष्टमंडळ धावत गेले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन बधला नाही, कारण आता हिंदुस्थानची माणसे आणि पैसा दोन्ही हवे होते. १९१९ च्या सुधारणांनी दिल्लीला निवडलेली विधानसभा आली. मतदार थोडे, अधिकार त्याहून थोडे. तरी १९२१ मध्ये जकात अकरावर गेली आणि तक्रार घेऊन आलेल्या लँकेशरकरांना माँटेग्यूने परत पाठवले. पुढच्या वर्षी सरकारने देशी कापडावरचा कर साडेतीनाचा साडेसात करायचे योजले, तो विधानसभेने फेटाळला. करवाढीला नाही म्हणणारे निदान काही लोक आता त्या खोलीत बसत होते.

पण जुना साडेतीन काही जाईना. सरकारला त्या उत्पन्नाची चटक लागली होती. १९२५ साली मुंबईच्या गिरण्यांवर मंदी आली, जपानी कापड येऊ लागले. मालकांनी सरकारकडे कर काढण्याची मागणी केली, सरकार ढिम्म राहिले. तेव्हा मालकांनी कामगारांच्या मजुरीत शेकडा साडेअकरा काट जाहीर केली. १५ सप्टेंबरच्या सुमारास संप सुरू झाला आणि दीड लाख माणसे बाहेर पडली. ना. म. जोशी तेव्हा दिल्लीच्या विधानसभेत कामगारांचे प्रतिनिधी होते, पण निवडून आलेले नव्हेत, सरकारने नेमलेले. दीड लाखांतल्या बहुतेकांना मत नव्हते. त्यांच्याजवळ काम थांबवणे एवढेच होते.

त्या वर्षीची दिवाळी गिरणगावात संपातच गेली. कापड विणणाऱ्यांच्या घरी पाडव्याला नवे कापड नव्हते. पुष्कळ जण बायका-मुलांना घेऊन कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघून गेले होते. जे राहिले ते वाण्याच्या उधारीवर होते. मालक म्हणत होते, कर उठवा, आम्ही मजुरी पूर्ववत करतो. डिसेंबर उजाडता उजाडता व्हाइसरॉयने वटहुकूम काढून कापडावरचा कर तहकूब केला. पुढच्या वर्षी तो कायमचा गेला. मालकांनी काट मागे घेतली, गावी गेलेली माणसे परतली, आणि अडीच महिने गप्प असलेले भोंगे परळ-लालबागेत पुन्हा पहाटे वाजू लागले.